तोंडाचा वास आणि पायाचा तोल

मागच्या अंकात हेल्मेटबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो: रात्री रस्त्यात पडलेल्या मोटारसायकलवाल्याजवळ वाकलं की काय झालंय ते आधी नाकाला कळायचं, मग डोळ्यांना. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या खेपेला पिऊन मोटारसायकल चालवणं सोडून दुसरा विषय घेतलेलाच नाही. वाहतूक शाखेत मी एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. उत्तरं त्या अनुभवातली आहेत, वकिली सल्ला म्हणून वाचू नका.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे. शनिवारी मित्रांबरोबर पिऊन मोटारसायकलवर घरी येतो. “दोन बिअरनं मला काही होत नाही, उलट मी जास्तच हळू चालवतो,” म्हणतो. पोलीस कुठे उभे आहेत ते मित्र एकमेकांना कळवतात, मग हा आतल्या गल्ल्यांतून येतो. त्याला काय सांगू? (एक आई)

ताई, “हळू चालवतो” हे मी रस्त्यावर इतक्यांदा ऐकलंय की ऐकल्याबरोबर हात आपोआप श्वास तपासायच्या मशीनकडे जायचा. आणि तो खोटं बोलत नसणार, खरंच हळू चालवत असणार. घोटाळा असा आहे की हळू गेल्यानं चारचाकीला जे मिळतं ते दुचाकीला मिळत नाही. मोटारसायकल वेगात असली की बरीचशी आपली आपण सावरते. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या खाली आला की ते सावरणं संपतं आणि सगळा तोल चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. हँडलला बारीक हिसके देणं, कमरेचा झोक सांभाळणं, पाय टेकायच्या तयारीत ठेवणं ही कामं आपण विचार करून करत नाही. दारू बिघडवते ती आधी नेमकी हीच कामं.

एका नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी मला हे एकदा कागदावर चित्र काढून समजावलं होतं. आपला तोल कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या सांभाळतात. नळ्यांत द्रव असतो आणि त्या द्रवात जेलीसारखा एक पडदा. दोघांची घनता सारखी, म्हणून डोकं हललं तरच पडदा वाकतो. दारू रक्तातून आधी त्या पडद्यात शिरते, द्रवात नंतर. तेवढ्या वेळापुरता पडदा हलका होतो आणि डोकं हललं नसताना हलल्याचा निरोप मेंदूला धाडतो. पिऊन आडवं झाल्यावर खोली गरगरते ती यामुळे. तुमचा मुलगा मोटारसायकलवर तोल धरतो तो याच पडद्याच्या भरवशावर.

वेगात असेल तर हिशेब निराळा. ताशी पन्नासला गाडी एका सेकंदात चौदा मीटर जाते. ब्रेकवर पाय जायला अर्धा सेकंद उशीर झाला तर सात मीटर जास्त, म्हणजे एकापुढे एक साडेतीन मोटारसायकली उभ्या करा, तेवढं. कारवाल्याचे ते सात मीटर पत्र्यानं भरून निघतात, याचे अंगानं.

गल्ल्यांचं म्हणाल तर पोलीस चुकवायला त्यानं रस्ता निवडलाय तो परीक्षेचा अवघड पेपर आहे. वळणं जास्त, गतिरोधक जास्त, आडवी येणारी कुत्री आणि वेग कमी. ज्या वेगाला तोल सगळ्यात नाजूक, त्याच वेगानं घरापर्यंत यायचं.

रात्री तो आल्यावर दारात वाद घालू नका, त्या वेळी ऐकणारा घरी आलेलाच नसतो. शनिवारी तो निघायच्या आधी बोला आणि मोटारसायकल नेऊच नये एवढंच मागा. दोन ग्लासांनंतर “आज गाडी इथेच ठेवू” असं म्हणणारा माणूस एकतीस वर्षांत मला फार थोडा भेटला. संध्याकाळी सहाला तसं म्हणणारे बरेच भेटले.

रात्री एकला शेवटचा पेग घेतला, झोपलो, सकाळी आठला कामावर निघालो. चौकात अडवून फुंकायला लावलं आणि मशीननं मर्यादेपेक्षा जास्त दाखवलं. सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. मशीन बिघडलेलं असू शकतं का? (वय २९, वजन ७० किलो, रात्री नऊपासून साठ मिलिलिटरचे पाच पेग)

असू शकतं, पण तुमच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. तुम्ही आकडे प्रामाणिकपणे दिलेत, म्हणून हिशेबच करू. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरमध्ये साधारण वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पाच पेग म्हणजे शंभर ग्रॅम. हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषासाठी वजनाच्या सुमारे सात दशांश धरतात, म्हणजे तुमचे ४९ किलो. भागाकार केला की १०० मिलिलिटर रक्तात २०४ मिलिग्रॅम येतात. यकृत हे ताशी पंधराच्या आसपास कमी करतं, कोणाचं दहा, कोणाचं वीस. रात्री नऊ ते सकाळी आठ हे अकरा तास, म्हणजे १६५ गेले. उरले ३९.

भारतातली कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ती ८० आहे, तिथे तुम्ही सुटला असता. स्वीडनमध्ये २०, तिथे अजून एक-दीड तास थांबावं लागलं असतं. हा हिशेब स्वीडिश शास्त्रज्ञ विडमार्क यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या अर्धात बसवला. तो ढोबळ आहे आणि माणसागणिक इकडे-तिकडे होतो, पण सकाळी आठला मशीन का बोललं तेवढं त्यातून कळतं. झोप, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी माणूस ताजातवाना दिसतो, पण यकृताचा वेग तोच राहतो.

वर त्या आईंना सांगितलेला कानातला पडदा इथेही येतो. उतरताना दारू पडद्यातून आधी जाते, द्रवात मागे राहते, आणि आता पडदाच जड ठरतो. सकाळी डोकं वळवल्यावर जे हेलकावतं ते हे. नशा उतरलेली, तोल अजून आलेला नाही, आणि त्यात ऑफिसची घाई. सकाळच्या अपघातात तोंडाला वास नसतो, म्हणून कोणी विचारतही नाही.

मशीनसमोर जाण्याआधी पेपरमिंट चघळलं किंवा माउथवॉशनं गुळण्या केल्या तर आकडा कमी येतो म्हणतात. खरं का? (नाव दिलेलं नाही)

नाही. मशीन वास घेत नाही. फुप्फुसातून आलेल्या श्वासातलं अल्कोहोल प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर जळतं, त्यातून जी बारीक वीज निघते ती मोजतात आणि श्वासाचा आकडा २१०० पट करून रक्ताचा धरतात. माउथवॉशमध्ये बऱ्याचदा अल्कोहोलच असतं, त्यामुळे काही मिनिटं आकडा उलट वर जातो. म्हणून तर पंधरा मिनिटं थांबून परत घेतात. गाल फुगवून नुसता आव आणणारेही पुष्कळ पाहिले. श्वास खरंच नळीत जातोय तोवरच मशीन वाजत राहतं, आणि ते वाजत नसताना समोरच्याचा चेहरा लाल होताना बघणं हा रात्रपाळीतला एक करमणुकीचा भाग होता.

मी नुकतीच वाहतूक शाखेत रुजू झाले आहे. प्रत्येक मोटारसायकल थांबवणं शक्य नसतं. चालत्या गर्दीतून प्यायलेला ओळखायचा कसा? (एक शिपाई)

पोरी, हे मला कोणी पहिल्या वर्षी शिकवलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही वेगाकडे बघायचो. सुसाट आला की थांबव. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्यानं १९९३ साली फक्त मोटारसायकलवाल्यांचा अभ्यास करून चौदा खुणांची यादी काढली, ती माझ्या हाती फार उशिरा पडली. वेग त्या यादीत नाहीच. मोटारसायकलवाले शुद्धीतही जोरात चालवतात, त्यामुळे नुसत्या वेगावरून काही ठरत नाही.

यादीत वरच्या गटात आहेत त्या बहुतेक तोलाच्या गोष्टी. सिग्नलला बघ. शुद्धीतला माणूस एक पाय टेकतो आणि हिरवा होईपर्यंत तसाच राहतो. प्यायलेला डावा टेकतो, मग उजवा, मग परत डावा, जणू जमीन कुठल्या बाजूला जवळ आहे ते ठरत नाही. वळणावर तो आतल्या बाजूला झुकत नाही, बाहेर बाहेर सरकत जातो आणि मग एकदम हिसका देऊन परत येतो. ब्रेक उशिरा. भोवताली काय चाललंय याची दखल नाही, हिरवा झाला तरी तिथेच. मागून हॉर्न वाजल्यावर दचकतो. सरळ रस्त्यावर नागमोडी. ही खूण सगळ्यांना माहीत असते, पण एकतर ती फार उशिराची आणि दुसरं म्हणजे खड्डे चुकवणारा शहाणाही तशीच चालवतो.

खालच्या गटात रात्री दिवा न लावता येणारा, पुढच्याच्या अगदी बुडाला चिकटून चालवणारा, उलट्या दिशेनं येणारा आणि तुला बघून आधीच वळलेला.

थांबवलंस की लगेच कागद मागू नकोस. “गाडी बाजूला घेऊन स्टँडला लावा” एवढंच म्हण आणि दोन पावलं मागे हो. साइड स्टँड शोधताना पाय दोनदा हवेत फिरला, की गाडी खाली टेकायच्या आधीच माणूस उतरायला लागला, की सीटवरून दुसरा पाय ओढताना अडकला: यादीतली “उतरायला त्रास” ही खूण ती हीच. कागदपत्रं देताना माणूस स्वतःला सावरतो, स्टँड लावताना नाही.

या सगळ्यानं फक्त कोणाला थांबवायचं ते ठरतं. तो प्यायलाय हे मशीन ठरवेल. आणि नळी प्रत्येकाला नवीन, त्याच्यासमोर पाकीट फोडून.

एक गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडली म्हणून सांगतो: निसटणाऱ्याचं हँडल धरायला धावू नकोस. एका सहकाऱ्यानं धरलं, गाडी आडवी झाली आणि दोघंही तिच्याखाली. पाठलाग तर नकोच. पिऊन चालवणारा एक धोका, घाबरून पळणारा दुसरा. नंबर लिही. बॅरिकेडच्या शंभर मीटर अलीकडे एक माणूस उभा असला की वळून जाणारे आपोआप सापडतात.

कारवाल्यांना अडवून तासभर तपासता आणि मोटारसायकली शेजारून निघून जातात हे मी स्वतः पाहिलंय. एकतीस डिसेंबरला तेवढी धामधूम. शिक्षा दसपट केली तर हे थांबणार नाही का? (निवृत्त शिक्षक)

गुरुजी, पहिला आरोप कबूल. बॅरिकेडच्या फटीतून मोटारसायकल जाते, कार जात नाही. शिवाय आमच्यातही एक समज होता, की मोटारसायकलवाला मेला तर स्वतःच मरेल. मागे बसलेलं माणूस आणि रस्ता ओलांडणारा या हिशेबात कधी आलेच नाहीत. अमेरिकेत २०२१ च्या प्राणघातक अपघातांत सापडलेल्या मोटारसायकलस्वारांपैकी २८ टक्के तिथल्या ८० च्या मर्यादेवर किंवा तिच्या पुढे होते. कारचालकांत तेच प्रमाण २४ टक्के. म्हणजे ज्याला आम्ही हात करून सोडायचो, तोच जास्त.

शिक्षेबद्दल माझं मत मात्र तुमच्यापेक्षा वेगळं आहे. ब्रिटनमध्ये १९६७ च्या ऑक्टोबरात ८० ची मर्यादा आणि श्वासतपासणी एकदम आली. लोकांना वाटलं आता प्रत्येक कोपऱ्यावर पोलीस असणार, आणि शनिवार-रविवारच्या रात्रीचे अपघात धाडकन खाली आले. रॉस नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं ते आकडे तपासले. पुढे लोकांना कळत गेलं की प्रत्यक्षात फुंकायला कोणी सहसा लावत नाही, आणि परिणाम ओसरत गेला. कायदा तोच, शिक्षा तीच होती.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यानं १७ डिसेंबर १९८२ ला दुसरा रस्ता धरला. संशयाची गरज नाही, ज्याला थांबवलं त्यानं फुंकायचं. म्हातारा असो, बाई असो, शुद्धीतला असो. दिवसा, रात्री, मंगळवारी, कुठेही. दारूमुळे होणारे मृत्यू लक्षणीय घटले आणि घट टिकली, कारण “पोलीस कुठे आहेत ते मला कळेल” असं कोणाला वाटेना. व्हिएतनाममध्ये रस्त्यावर दुचाकीच जास्त. तिथे १ जानेवारी २०२० पासून मर्यादा शून्य आहे, दुचाकीलाही. हिशेबाला जागाच ठेवलेली नाही.

म्हणून एकतीस डिसेंबरचं मला फारसं कौतुक नाही. त्या रात्री आम्ही असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मंगळवारी रात्री अकराला आम्ही असतो का, हा खरा प्रश्न.

प्रत्येकाला फुंकायला लावा यावर मी इतका का अडून बसतो, तेही सांगतो. बरीच वर्षं मी नाकावर चालवलं. “तोंड इकडे करा,” म्हणायचं, वास घ्यायचा, आला तर मशीन. एका हिवाळ्यात मला सणसणीत सर्दी झाली होती आणि तरी ड्युटी होती. मशीन एकच, ते एका हुज्जत घालणाऱ्या कारवाल्याकडे अडकलेलं. एक मुलगा आला, हेल्मेट घातलेला, कागद व्यवस्थित, बोलणं अदबीचं. मी वाकलो, नाक चोंदलेलं. काही आलं नाही. जा म्हटलं. जाताना त्यानं पाय दोनदा बदलला, हे मला नंतर आठवलं. वीस मिनिटांनी वायरलेसवर पुकारा आला. दोन किलोमीटर पुढे रस्ता डावीकडे वळतो, तो वळला नव्हता. जगला, पण पाय वाचला नाही. त्याच्या रक्ताचा आकडा मी नंतर पाहिला, तो इथे लिहीत नाही. हेल्मेटमुळे जगला म्हणून त्याच्या वडिलांनी आमच्या माणसांचे आभार मानले. मी तिथे उभा होतो.

त्यानंतर नाकावर कोणाला सोडलं नाही. रांग वाढायची, शिव्या पडायच्या.

पिऊन मी मित्राच्या मागे बसलो, चालवणारा प्यायला नव्हता. माझ्यावर गुन्हा होतो का?

चालवणाऱ्याचा गुन्हा तुमच्यावर लागत नाही. पण मोटारसायकलवर मागचा म्हणजे सामान नव्हे. वळणावर तो उलट्या बाजूला झुकला की पुढच्याला गाडी वळवता येत नाही, पेंगला तर गाडीच ओढली जाते. तुमच्या मित्राला विचारा, त्याला तो प्रवास कसा वाटला.

घरी मैफल असली की आमच्यातला एक हमखास “मी ठीक आहे” म्हणत निघतो. किल्ली मागितली की चिडतो, एकदा हातघाईवर आला. काय करावं?

किल्ली मागू नका. मागितली की तो मानापमानाचा प्रश्न होतो आणि मग त्याला चालवूनच दाखवायचं असतं. तो आत असतानाच कोणीतरी खाली जाऊन स्पार्क प्लगची कॅप काढून खिशात घाला. इंजिन गार असू द्या आणि वायर ओढू नका, कॅपच धरून उपसा. तो बटण दाबेल, मग दहा-बारा किका मारेल, मग टाकीवर कान लावून ऐकेल, मग गाडीला आणि कंपनीला शिव्या घालेल. तुम्हाला नाही. सहानुभूती दाखवा, आत न्या, अंथरूण घाला. कॅप लपलेल्या जागी असेल आणि हात पोचत नसेल तर गाडी दुसऱ्या एखाद्या गाडीला साखळीनं बांधून टाका. साखळीला तो समजूत घालत बसेल, ते ऐकण्यासारखं असतं.

कॅप कोणाच्या खिशात आहे ते मात्र सकाळपर्यंत लक्षात ठेवा. मी मेहुण्याची काढली होती आणि पहाटेच्या ड्युटीला तशीच घेऊन गेलो. परत येईपर्यंत त्यानं मेकॅनिक बोलावून अख्खा कार्ब्युरेटर उघडायला लावला होता.